शंभरात किती

आमच्या प्रश्नावलीत अकरा शब्द होते.
कदाचित, बहुधा, बहुतेक, होईलसं वाटतं,
नक्की, अगदी नक्की, असे,
आणि सर्वांत शेवटी, माझ्या हट्टाने घातलेला: बघू.
प्रत्येकापुढे एक रिकामी चौकट.
शंभर वेळा कुणी तुम्हाला असं म्हणालं
तर त्यातलं किती वेळा खरं होतं?
आकडा लिहा.

खर्च महापालिकेचा. आपत्ती कक्षाला कळायला हवं होतं
की 'पाणी शिरण्याची शक्यता आहे' हा संदेश
दिवाळे गावात कुणी वाचतं का,
आणि वाचून
गादी माळ्यावर टाकतं का.

मी शक्यता शिकवते. मनातल्या मनात नाणी उडवण्यात
माझी बावीस वर्षं गेली.
भाषेची बाजू शर्मिष्ठा खोतची.
तिला टक्क्यांशी देणंघेणं नव्हतं,
ती क्रियापदं वेचत फिरायची.

घणसोलीच्या एका इंजिनियरने
'बहुधा'पुढे ७२.५ लिहिलं.
अर्ध्याबद्दल विचारलं तर म्हणाला,
पूर्ण आकड्यांवर माझा विश्वास नाही.
नेरुळच्या परिचारिकेने 'नक्की'ला साठ दिले,
आणि रात्रपाळीला निघता निघता
चपला घालून परत आली, खोडून चाळीस केले.
साडेबारा टक्क्यांच्या भूखंडाची वाट बघत
म्हातारे झालेले पदाजी मढवी म्हणाले,
"शबुद ठेव बाजूला. कोन बोलला ता सांग.
सायेब बोलला, का वकील बोलला, का भाचा बोलला?"
त्याला चौकट नव्हती.
मी समासात लिहिलं.
पुढे समासच भरत गेला.

'बघू'चा मध्यक आला चार.
तो खाली ओढला होता
सरकारी कचेऱ्यांत नोकरी करणाऱ्यांनी.

दिवाळ्याच्या जेट्टीवर चांगुणा कोळी
निवट्या साफ करत बसली होती.
तिने कागद घेतला नाही, हात ओले होते.
उधाणाचं पाणी घरात येईल असं कधी वाटतं,
तेव्हा तुम्ही शेजारणीला काय सांगता?
"पानी आला, असा सांगाचा."
आलं नसताना?
"आल्याव कशाला सांगू? ता तिला दिसंल ना."

शर्मिष्ठाचं पेन थांबलं.
"भूतकाळ," ती मला हळूच म्हणाली.
"पाणी अजून खाडीत आहे
आणि क्रियापद उंबऱ्यावर."
परतीच्या रिक्षात ती एकटीच हसत होती.

अहवालात आम्ही लिहिलं, टक्के नकोत.
वेळ सांगा. कुठवर ते सांगा,
मीटरमध्ये नाही, देवळाच्या पायऱ्यांमध्ये.
आणि 'शक्यता' हा शब्द काढून टाका.
हे शेवटचं वाक्य मी स्वतः टाइप केलं,
ज्या शब्दावर माझा पगार निघतो त्याच्याबद्दल.

बेलापूरहून दोन महिन्यांनी पत्र आलं:
शिफारशी विचाराधीन आहेत.
हा बारावा शब्द.
तो आमच्या यादीत नव्हता,
आणि आता पुन्हा दारोदार जायला निधी नव्हता.

श्रावणातल्या अमावस्येला
दुपारी दोन वाजता सगळ्यांच्या फोनवर तोच संदेश:
पाणी शिरण्याची शक्यता आहे.
मी दिवाळ्याला गेले, काही कारण नसताना.
चांगुणाची गादी माळ्यावर होती,
तांदळाचा डबा गादीवर,
आणि डब्यावर नातीचं दप्तर.
पाणी आलं नाही.
पुलाखाली तटून उभं राहिलं, आणि ओसरलं.
यावरून काहीच सिद्ध होत नाही,
हेही मीच शिकवते.
"मंग खाली काढाची," ती म्हणाली, आणि काढायला लागली.
मी दप्तर धरलं.

रात्री विभागात एकटीच होते.
ऐरोलीहून आईचा फोन. जेवायला थांबू का?
"नको थांबू," म्हणायचं होतं.
"आलेच," म्हटलं,
आणि तीनशे बारा फॉर्म
पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतले.